शेवटची फळी

ती फाइल ईश्वर टेंभुर्णे यांच्या टेबलावर पहिल्यांदा आली, तेव्हा वरचा विषय वाचून त्यांनी ती न उघडताच परत पाठवली. विषय होता, 'मोठं व्हायोलिन, नग एक.' दुसऱ्यांदा आली तेव्हा त्यांनी वर पेन्सिलीनं लिहिलं, 'या शाखेशी संबंध नाही.' तिसऱ्यांदा ती विश्वास बिवलकर स्वतःच्या हातानं घेऊन आले. साहेब स्वतः घेऊन येतो ती फाइल परत जात नाही, एवढं टेंभुर्ण्यांना बावीस वर्षांच्या नोकरीत कळलं होतं.

"लाकूड आहे ना ते?" बिवलकर म्हणाले. "मग तुमचंच काम."

"साहेब, मी डब्यांचं लाकूड बघतो. वाजवायचं नाही."

"वाजवायला कोण सांगतंय? तारा कधीच तुटून गेल्यात. आता नुसतं लाकूडच उरलंय."

तो १९७९ च्या एप्रिलचा पहिला सोमवार होता. लखनौत अजून लू सुटली नव्हती, पण दुपारी पत्र्याच्या छपराखाली बसवत नसे. टेंभुर्णे रेल्वेच्या कारखान्यात लाकूड तपासनीस होते. डब्यांच्या कामासाठी येणारं सागवान, साल, देवदार, प्रत्येक खेप त्यांच्या हाताखालून जायची. त्यांचे वडील गोंदियाला आरा मशीनवर होते; लाकूड ओलं करून वासावरून ओळखायला टेंभुर्णे शाळेत जायच्या आधी शिकले होते. कारखान्यात त्यांच्या शेऱ्याला कुणी आव्हान देत नसे. म्हणूनच अशी नको ती कामंही त्यांच्याकडे यायची.

भानगड अशी होती. चारबाग स्टेशनच्या मागे रेल्वेच्या लोकांचा एक जुना क्लब होता. गोऱ्या साहेबांच्या काळापासून तिथे बँड होता, नाच व्हायचे. आता बॅडमिंटन चालायचं आणि लग्नं लागायची. हॉलची डागडुजी करायची म्हणून क्लबनं जुनं सामान लिलावात काढलं होतं. त्यातच हा चेलो होता, छातीभर उंचीचा, व्हायोलिनचाच थोरला भाऊ. पण चंद्रप्रभा मसीह नावाच्या एका निवृत्त शिक्षिकेनं अर्जांवर अर्ज लावले होते. तिचं म्हणणं, चेलो माझ्या भावानं इथंच, लखनौत, स्वतःच्या हातानं बनवला. एक्कावन्न साली बँडनं एका कार्यक्रमापुरता माझ्याकडून मागून नेला, तो परतच आला नाही. क्लबचं म्हणणं, जुन्या यादीत 'चेलो, विलायती, एक' अशी नोंद आहे, तोच हा. विलायती ठरला तर क्लबचा, इथला ठरला तर बाईचा. क्लबचे अध्यक्ष होते बिवलकर.

"दोन ओळींचा रिपोर्ट द्या," ते म्हणाले. "विलायती आहे म्हणून. म्हणजे तपासून, तसा असेल तर." दारापर्यंत जाऊन ते वळले. "आणि तुमच्या चौदा तारखेच्या हॉलचं मी रस्तोगींना सांगितलंय. बघतो म्हणाले."

ही दोन वाक्यं एका दमात आली, यात काही योगायोग नव्हता. आलमबागच्या कॉलनीत चाळीसेक मराठी बौद्ध कुटुंबं होती. बाबासाहेबांची जयंती दरवर्षी मैदानात तंबू ठोकून व्हायची आणि दरवर्षी वाऱ्यानं तंबूचा एक तरी कोपरा उडायचा. या वर्षी टेंभुर्णे अध्यक्ष होते. हॉल मिळवून देतो, असं ते सगळ्यांना सांगून बसले होते.

त्याच दुपारी ते क्लबात गेले. सेक्रेटरी रस्तोगी तोंडात पान भरून पंख्याखाली बसला होता.

"अरे टेंभुर्णे जी, इसमें देखना क्या है? विलायती माल है। आप तो बस लिख दीजिए।"

"देखके लिखूंगा," टेंभुर्णे म्हणाले. त्यांना या माणसाच्या पानाचासुद्धा राग आला.

चेलो स्टेजमागच्या कुलूपबंद खोलीत होता. चौकीदारानं आणि त्यांनी मिळून तो व्हरांड्यात आणला. धुळीनं माखलेला, तारा नाहीत, पुढच्या फळीवर खालच्या बाजूला वीतभर चीर. ती इतकी उघडी होती, की टेंभुर्ण्यांनी खिशातलं पोस्टकार्ड काढून घातलं तर ते अर्धं आत गेलं.

पहिल्या तासाभरात त्यांचा वैताग थोडा कमी झाला, कारण लाकूड सरळ बोलत होतं. मागची फळी आणि कडा तूनच्या. इकडचे सुतार टेबल-खुर्च्यांना वापरतात ते लालसर लाकूड. विलायतेत असल्या वाद्याला मेपल लावतात, हे त्यांनी सकाळीच ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकात वाचलं होतं. पुढची फळी ओल्या बोटानं चोळली तर तेलकट, उग्र वास आला. देवदार. कडेनं खोचलेली काळी-पांढरी नक्षीची पट्टी होती, त्यातलं काळं शिसवीचं आणि पांढरं चक्क बांबूचं. आणि मान धडाला बसवली होती ती पाचर मारून. तो सांधा त्यांनी बघितला आणि ते जमिनीवरच बसले. लाकडी डब्यांच्या दाराचा खांब जुने मिस्त्री अगदी असाच बसवायचे. कुठलाही व्हायोलिनवाला असा सांधा करणार नाही, आणि डब्याचा मिस्त्री दुसरा करणार नाही.

म्हणजे हॉल गेला. त्यांनी चष्मा पुसला आणि मनातल्या मनात बिवलकर, रस्तोगी आणि बाई या तिघांनाही शिव्या घातल्या.

काम अर्धवट सोडायची सवय नव्हती, म्हणून ते आत बघायला लागले. चेलोच्या पुढच्या फळीत इंग्रजी एफ अक्षरासारखी दोन लांबट भोकं असतात. त्यातून त्यांनी तारेला बांधलेला छोटा दिवा सोडला, आणि दाताच्या डॉक्टरकडून मागून आणलेला लांब दांड्याचा आरसा घातला. आत चिरा आवरायला चिकटवलेले लाकडाचे लहान चौकोन होते. अकरा. मधोमध उभी लांब पट्टी होती, तिच्यावर करवतीच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या, रंधा मारायचा राहिला असावा. त्यांनी सगळं वहीत लिहून घेतलं. मग त्यांनी सांधे बघितले.

पेटी बनवणारा कुणीही असो, शेवटची फळी तो बाहेरूनच बसवतो. सरस लावतो, दाबतो, आणि जास्तीचा सरस दोन्हीकडे ओघळतो. बाहेरचा ओघळ पुसता येतो. आतला तसाच वाळतो, कारण आत हात उरलेला नसतो. त्या ओघळांवरून कुठली फळी शेवटी बसली ते सांगता येतं.

इथे पुढच्या फळीला ओघळ नव्हते. मागच्यालाही नव्हते. सगळीकडे ओल्या फडक्यानं पुसून घेतलेलं, पुसण्याच्या रेघासुद्धा दिसत होत्या. आणि वरच्या-खालच्या दोन्ही सांध्यांवरून सबंध फिरवलेली सुती कापडाची पट्टी, अंगठ्यानं दाबत दाबत बसवलेली. अंगठ्याचे ठसे एकसारखे अंतर ठेवून पुढे गेले होते, आणि जिथे सुरू झाले होते तिथेच येऊन संपले होते.

'दोन्ही फळ्या बसवल्यानंतर आतून सफाई केलेली आहे,' त्यांनी लिहिलं. पुढे 'कशी?' असं लिहिलं, आणि ते खोडलं. रिपोर्टात प्रश्न विचारायचे नसतात.

बुधवारी ते लालबागेत चर्चमागच्या गल्लीत चंद्रप्रभा मसीह यांच्याकडे गेले. बाई सत्तरीच्या होत्या. मिशनच्या शाळेत तीस वर्षं त्यांनी मुलींना गाणं शिकवलं होतं. पांढरी कडक साडी, पाठ सरळ. त्यांनी आधी पाणी दिलं, मग चहा, मग नानखटाई, आणि यातलं सगळं संपेपर्यंत कामाचं बोलू दिलं नाही.

"भाई साहब क्या करते थे?" टेंभुर्ण्यांनी शेवटी विचारलं.

"नरेंद्र? डिब्बों का मिस्त्री था। आप ही के कारख़ाने में।"

टेंभुर्ण्यांना मनापासून बरं वाटलं. निदान सांध्याचा हिशोब लागला. "और ये बनाया कब?"

"इकतालीस में शुरू किया था। उस कमरे में, खिड़की के पास।"

"पूरा कब हुआ?"

बाई खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाल्या, "अड़तालीस की बात है, नवंबर की। मैंने चाय के लिए आवाज़ दी। बोला, आया। फिर दी। फिर बोला, आया। तीसरी बार नहीं बोला।"

"फिर?"

"फिर क्या। चाय ठंडी हो गई।"

टेंभुर्ण्यांनी कपाळावरचा घाम पुसला. सरकारी कामाला सरळ उत्तर का मिळत नाही, हे त्यांना कधीच कळलं नव्हतं. "मतलब कहीं चले गए?"

"पुलिस भी यही कहती थी। दो साल ढूँढा उन्होंने।" बाईंचा आवाज जराही हलला नाही. "चप्पल यहीं थी उसकी, टेंभुर्णे साहब। कमरे में ये खड़ा था, बंद। सरेस अभी गीला था।"

निघताना त्या दारापर्यंत आल्या.

"मैं सिर्फ़ इतना चाहती हूँ कि नीलाम न हो। और आप उसे खोलिएगा मत। पूरा हो जाए, फिर हर्ज नहीं।"

"पूरा तो है वो," टेंभुर्णे जरा चिडूनच म्हणाले.

"आपने अंदर से देखा?"

घरी त्यांनी हे शैलाबाईंना सांगितलं. त्या भाकरी करत होत्या.

"एकटी राहते ना जी बाई," त्या म्हणाल्या. "एकटं राहिलं की माणूस असंच बोलते. तुम्ही काऊन डोक्याला ताप करून घेऊन राहिले? हॉलचं काय झालं ते सांगा. कॉलनीतले मेश्राम दोनदा विचारून गेले."

"टेंट में ही कर लो न पापा," त्यांची मुलगी बेबी पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. "हर साल तो वहीं होता है।"

टेंभुर्णे ताट ओढून जेवायला बसले.

गुरुवारी ते उरलेली मापं घ्यायला गेले. चेलो व्हरांड्यात आडवा ठेवला आणि सवयीनं खिशातलं पोस्टकार्ड चिरेत घालायला गेले. कार्ड आत जाईना. चीर तिथेच होती, तिच्यातली वर्षांची धूळही तशीच होती, पण दोन्ही कडा घट्ट मिटल्या होत्या. नखसुद्धा शिरत नव्हतं.

त्यांनी दिवा आत सोडला. चिरेच्या खाली आतून चार नवे चौकोन चिकटवले होते. लाकूड ताजं, पिवळट. त्यांनी तार वाकवून एकाच्या कडेला लावली आणि ओढली, तेव्हा तिच्याबरोबर सरसाची बारीक तार लांबत आली.

सरस तासाभरात धरतो. एप्रिलच्या हवेत त्याहूनही लवकर.

त्यांनी चौकीदाराला बोलावलं आणि असं फैलावर घेतलं, की तो बिचारा हातच जोडून उभा राहिला. खोलीची किल्ली एकच, ती रस्तोगीच्या कडदोऱ्याला. रस्तोगीला विचारलं तर तो हसला. "मरम्मत? टेंभुर्णे जी, इस क्लब में नल की मरम्मत नहीं होती।"

ते खरं होतं. त्यामुळे त्यांना आणखीच राग आला. कुणीतरी आपली थट्टा करतंय, याबद्दल त्यांना शंका उरली नाही. त्यांनी कारखान्यातून लाख मागवली, दोन्ही भोकांवर जाड कागद चिकटवला, चारी कोपऱ्यांवर आपला शिक्का मारला, सही केली, वेळ घातली. खोलीच्या कुलपालाही शिक्का मारला.

शनिवारी सगळे शिक्के जसेच्या तसे होते. सहीच्या रेघेवर लाखेचा एक थेंब सांडला होता, तोसुद्धा तसाच. त्यांनी स्वतःच्या हातानं कागद फाडले.

चौकोन एकोणीस झाले होते. त्यांनी तीनदा मोजले. मग मधल्या लांब पट्टीवर आरसा फिरवला. करवतीच्या खुणा नव्हत्या. पट्टी रंधून गुळगुळीत केली होती, दोन्ही टोकांना हळूहळू उतरती होत गेलेली, इतकी सुबक की टेंभुर्ण्यांच्या तोंडून क्षणभर कौतुकाचा आवाज निघाला. मग त्यांनी वही उघडून सोमवारची नोंद वाचली. 'करवतीच्या खुणा स्पष्ट.' अक्षर त्यांचंच होतं.

ते तिथून तडक चष्म्याच्या दुकानात गेले. नंबर बदलला नव्हता.

सोमवारी बिवलकरांनी बोलावून घेतलं. "आठवडा झाला, टेंभुर्णे. एक लाकडाचा खोका तुम्हाला आटपत नाही?"

"साहेब, लाकूड इथलंच दिसतंय. पण आत—"

"दिसतंय म्हणजे काय? पुढची फळी काढा, आत कारागिराचं नाव-बिव असेल, झालं. उघडा आणि संपवा. रस्तोगी थांबलेत." ते जरा थांबून म्हणाले, "तुमचाही कार्यक्रम जवळ आलाय."

टेंभुर्ण्यांना बाईंचं बोलणं आठवलं, आणि ते आठवल्याचा राग आला. हे कारण लेखी देता येण्यासारखं नव्हतं.

मंगळवारी दुपारी बाराला ते क्लबात पोहोचले. चौकीदार जेवायला गेला होता. हॉलमध्ये कुणी नव्हतं. उंच खिडक्यांतून ऊन सरळ फरशीवर पडलं होतं. त्यांनी दोन टेबलं जोडून त्यावर सतरंजी टाकली, चेलो उताणा ठेवला. स्टोव्हवर पाणी तापत ठेवलं. पातळ पात्याची सुरी गरम पाण्यात बुडवून त्यांनी ती पुढच्या फळीच्या सांध्यात, खालच्या कोपऱ्याशी घातली.

सरस जुना असला की सुरीला कटकन वाट देतो. तशीच दिली. इंच, दोन इंच. चार बोटं फळी सुटली. फटीतून वास आला. जुन्या लाकडाचा नाही, गरम सरसाचा. सुताराच्या भांड्यात तो उकळायला लागतो तेव्हाचा.

पाणी उकळून स्टोव्हवर सांडलं. ते स्टोव्ह कमी करायला गेले. दहा पावलं जायला, दहा यायला.

परत आले तेव्हा फट नव्हती.

त्यांनी बोटानं चाचपून बघितलं. सांधा बंद होता आणि बाहेरच्या कडेवर सरसाचा एक ओघळ आला होता. ओला. कोमट.

आतून दाबल्यावर बाहेर येतो तसा.

त्यांनी हॉलभर बघितलं. दारं बंद. छताला पंखा थांबलेला. बाहेर रस्त्यावर इक्क्याच्या घोड्याच्या टापा ऐकू येत होत्या, नेहमीसारख्या.

मग ते संतापले. आठवडाभराचा सगळा राग एकदम वर आला. बिवलकरांचा, रस्तोगीच्या हसण्याचा, तंबूच्या उडणाऱ्या कोपऱ्याचा, तपासणीला दाद न देणाऱ्या या लाकडाचा. त्यांनी सुरी पुसलीसुद्धा नाही. तशीच सांध्यात घातली आणि जोर लावला.

सुरी मुठीपर्यंत आत गेली आणि थांबली.

अडकली नव्हती. अडकलेलं पातं कसं कुरकुरतं, हे त्यांना माहीत होतं. ती कुणीतरी धरली होती.

ओढून घेतली नाही. नुसती धरली. फळीचं एक टोक आपण उचललं की दुसरं टोक समोरचा मिस्त्री धरतो, तशी.

टेंभुर्णे हलले नाहीत. मूठ त्यांच्या हातात होती. पात्यातून त्यांना एक बारीकशी थरथर जाणवत होती, म्हाताऱ्या माणसाच्या हाताला असते तशी.

मग सुरी हळूहळू बाहेर यायला लागली. त्यांनी ओढलं नव्हतं. बेताबेतानं, लाकडाला ओरखडा पडू न देता, ती सबंध बाहेर आली आणि त्यांच्या हातात राहिली.

पातं पुसलेलं होतं.

चौकीदार जेवून परत आला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे पाणी मागितलं.

बुधवारी त्यांनी तीन पानी रिपोर्ट दिला. तून, देवदार, शिसव, बांबू. मानेचा पाचरीचा सांधा, सोबत कारखान्यातल्या जुन्या डब्याच्या दाराचं रेखाचित्र, मापाला माप जुळवून. 'वाद्य विलायती नाही. लखनौतच, डब्यांच्या मिस्त्रीनं बनवलेलं आहे. अर्जदार बाईंचं म्हणणं बरोबर.' आतल्या भागासमोर त्यांनी लिहिलं, 'तपासला नाही. उघडण्याची गरज नाही.' बावीस वर्षांत त्यांच्या शेऱ्यातलं हे पहिलं खोटं.

बिवलकरांनी रिपोर्ट वाचला, रेखाचित्र उलटसुलट करून बघितलं. "तुम्हाला दोन ओळी सांगितल्या होत्या."

"साहेब, लाकूड इथलंच आहे."

त्या सांध्यावर बोट ठेवायला बिवलकरांना जागा सापडली नाही. शेवटी सही करून त्यांनी फाइल ढकलून दिली. त्याच संध्याकाळी रस्तोगीचा निरोप आला, की हॉलच्या फरशीला पॉलिश चाललंय, चौदा तारखेला देता येणार नाही.

जयंती मैदानात झाली. टेंभुर्ण्यांनी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, हॉल मिळाला नाही, चूक माझी. वारा आला, तंबूचा एक कोपरा उडाला, मेश्रामांनी आणि आणखी दोघांनी तो धरून ठेवला आणि भाषणं पुरी झाली. शैलाबाई घरी येताना एवढंच म्हणाल्या, "खोटं लिहून हॉल घेतला असता, तर तिथं उभं राहून बोलता आलं असतं का तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी ईस्टरचा रविवार होता. क्लबातून सामान हलवायला माणूस मिळेना, म्हणून टेंभुर्णे स्वतःच चेलो घेऊन निघाले. सायकल रिक्षात तो गुडघ्यांमध्ये उभा धरावा लागला. मान त्यांच्या खांद्यावरून वर गेलेली, धड त्यांच्या छातीशी. चारबागच्या चौकातली पोरं बघून हसत होती. ऊन डोक्यावर होतं. या वाद्याचा आता एकदाचा पिच्छा सुटावा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

हुसेनगंजच्या चौकात पोलिसानं रिक्षा थांबवली, तेव्हा त्यांचं लक्ष आपल्या मांडीकडे गेलं. काळ्या पँटवर पिवळसर भुसा पडला होता. अगदी बारीक, ताजा. त्यांनी तो झटकला. रिक्षा निघाली. पुढच्या वळणाला बघितलं तर तेवढाच पुन्हा पडलेला होता. नंतर त्यांनी झटकला नाही.

चर्च सुटलं होतं. गल्लीत नवे कपडे घातलेली माणसं एकमेकांना हात मिळवत होती. बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी रिक्षावाल्याला हात लावू दिला नाही. चेलो स्वतः उचलला, आतल्या खोलीत नेला, आणि खिडकीजवळच्या खुर्चीला टेकवला. मग त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, चेलो एका बाजूला तिरका केला आणि पाठीवर तळहातानं दोनदा हलकेच थापटलं. हात सराईत होता.

भोकातून चमचाभर भुसा पडला. बाईंनी तो चिमटीत घेऊन चोळून बघितला.

"बस इतना ही," त्या म्हणाल्या. "पहले तो रोज़ मुट्ठी भर निकलता था।"

टेंभुर्णे टोपी हातात धरून उभे राहिले.

"अब उम्र भी तो हो गई उसकी," बाई म्हणाल्या. त्यांनी पडदा बाजूला केला, आणि त्या भोकातून उजेड नीट आत पडेल अशा बेतानं चेलोचं तोंड खिडकीकडे फिरवून ठेवलं.